पाच फुटांची वाट

शिकागो शहराच्या नियमानुसार घरासमोरच्या सार्वजनिक पदपथावरचा बर्फ काढण्याची जबाबदारी त्या घराच्या मालकावर किंवा तिथे राहणाऱ्यावर असते. बर्फ सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळात पडला तर त्याच रात्री दहापर्यंत, आणि संध्याकाळी सातनंतर पडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत किमान पाच फूट रुंदीची वाट मोकळी करावी लागते. त्याला शनिवार-रविवारची सवलत नाही. कोपऱ्यावर पदपथ जिथे रस्त्यात उतरतो तो उतारही या कामात येतो. काढलेला बर्फ रस्त्यावर, बसथांब्यावर, सायकलींच्या मार्गिकेत किंवा अग्निशमनाच्या नळाशेजारी टाकता येत नाही, आणि नियम मोडल्यास दिवसाला ५० ते ५०० डॉलर दंड होऊ शकतो. प्रत्येकाने आपापल्या हद्दीपुरते काम केले की सगळा पदपथ आपोआप चालण्याजोगा होईल, असे हा नियम धरून चालतो. आमच्या ब्लॉकवर, म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्यावर, तसे होत नव्हते. ते व्हावे म्हणून आम्ही शेजाऱ्यांनी काय केले, कुठे अडलो आणि अजून कुठे अडलेलो आहोत, ते इथे लिहीत आहे.

मी शहराच्या उत्तर टोकाला वेस्ट रिज भागात राहते. डेव्हन ॲव्हेन्यूवरची भारतीय आणि पाकिस्तानी दुकाने आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शिकागोची आखणी काटकोनी असून एका मैलात आठ ब्लॉक बसतात, म्हणजे रस्त्याची रुंदी धरून ब्लॉकची लांब बाजू ६६० फुटांची होते. जुन्या वस्त्यांत घराचा नेहमीचा भूखंड २५ फूट रुंद असतो. आमच्या बाजूला विटांची बैठी बंगलेवजा घरे आहेत, एकावर एक दोन बिऱ्हाडांची घरे आहेत, आणि अधूनमधून आमच्यासारख्या सहा सदनिकांच्या तीन मजली इमारती आहेत. ब्लॉकच्या मधून निघून डेव्हनवरच्या १५५ क्रमांकाच्या बसच्या थांब्याकडे जाणारा माणूस पाच मिनिटांच्या आत दहा-बारा जणांच्या कायदेशीर जबाबदारीतून चालत जातो. त्यातल्या एकाने जरी हात झटकले, तरी बाकीच्यांची मेहनत चालणाऱ्यापुरती वाया जाते.

आमच्या इमारतीची व्यवस्था मुंबई-पुण्यातल्या सोसायटीसारखीच चालते. दरमहा वर्गणी घेतली जाते आणि तिच्यातून छपराची डागडुजी, विमा, जिन्यातले दिवे आणि हिवाळ्यात बर्फ काढणारा कंत्राटदार यांचे पैसे दिले जातात. सोसायटीची चिटणीस म्हणून कागदपत्रे माझ्याकडे आली, तेव्हा मी ते कंत्राट पहिल्यांदा नीट वाचले. त्यात म्हटले होते की दोन इंच बर्फ साठल्यावर कंत्राटदाराचा माणूस येईल. ही अट या धंद्यात सर्रास असते आणि कंत्राटदाराच्या बाजूने पाहिले तर ती रास्तही आहे, कारण अर्ध्या इंचासाठी शहरभर माणसे धाडणे त्याला परवडत नाही. शहराच्या नियमात मात्र असा किमान थर नाही. त्यामुळे दीड इंच बर्फ पडला की कायद्याने आमचे काम सुरू होत असे आणि कंत्राटाने कोणाचेच होत नसे.

शिकागोच्या हिवाळ्यात सगळ्यांत त्रास देतो तो हा दीड इंच बर्फच. मोठे वादळ येते तेव्हा शाळांना सुट्टी मिळते, लोक घरातून काम करतात, सगळे शहर सावध असते. दीड इंचाच्या दिवशी कोणीच थांबत नाही. सकाळी कामावर जाणारे तो बर्फ तुडवतात आणि बुटांखाली तो दबून पांढरा, गुळगुळीत होतो. दुपारच्या उन्हाने त्याचा वरचा पापुद्रा वितळतो आणि संध्याकाळी चारनंतर तापमान उतरले की तो काचेसारखा घट्ट बसतो. मग फावड्याची धार त्याच्यावरून नुसती सरकते. तो तोडायला लांब दांड्याचे सरळ पात्याचे लोखंडी हत्यार लागते, आणि ते मारताना काँक्रीटचे टवके उडतात. पडल्यापासून दोन तासांत जे काम झाडूने झाले असते, त्याच कामाला दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस आणि दोन माणसे लागतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आठवडेच्या आठवडे बर्फ पडत राहिला आणि वितळायला उसंत मिळाली नाही. महासाथीमुळे आम्ही बहुतेक जण घरीच होतो. आमच्या इमारतीसमोरचा पदपथ त्या दिवसांत स्वच्छ असे आणि त्याचा मला अभिमानही होता. ब्लॉकच्या मध्यावर राहणारे एक गृहस्थ व्हीलचेअर वापरतात. ते आमच्या इमारतीपुढून रस्त्याच्या मधोमध, गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोरीतून खुर्ची चालवत निघाले होते आणि मागून येणारी गाडी हळूहळू त्यांच्या पाठोपाठ येत होती. मी बाहेर जाऊन त्यांना म्हटले की आमच्या समोरचा पदपथ मोकळा आहे, तुम्ही वर या. त्यांनी शांतपणे सांगितले की तो मोकळा आहे हे त्यांना दिसते आहे. पण वर चढायला कोपऱ्यावरचा उतार मोकळा हवा, तो नाही, आणि वर चढलेच तरी तिसऱ्या घरापाशी बर्फ आडवा आला की त्यांना पुन्हा खाली उतरता येणार नाही. त्यांना आमच्या दारापुढून नव्हे, बसथांब्यापर्यंत जायचे होते. त्या हिवाळ्यात आणि नंतरही आम्ही जे काही ठरवले, ते त्यांच्या या बोलण्यावरून ठरवले.

बर्फ आणि राजकारण यांचे शिकागोत जुने नाते आहे. जानेवारी १९६७ मध्ये एकाच वादळात २३ इंच बर्फ पडला, तो विक्रम अजून मोडलेला नाही. जानेवारी १९७९ च्या वादळानंतर रस्ते आणि रेल्वे यांची जी दुर्दशा झाली, तिचा राग मतपेटीतून निघाला आणि त्याच फेब्रुवारीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत महापौर मायकेल बिलँडिक यांना जेन बर्न यांनी हरवले. २०११ च्या वादळात लेक शोअर ड्राइव्हवर शेकडो गाड्या रात्रभर अडकून पडल्या. तेव्हापासूनच्या प्रत्येक महापौराला बर्फ म्हटले की हेच आठवते, आणि म्हणूनच रस्त्यावरचा बर्फ पात्याने बाजूला सारणाऱ्या प्लाउच्या गाड्या आधी मोठे रस्ते आणि मग गल्ल्या अशा क्रमाने फिरतात. मुख्य रस्त्यांपैकी १०७ मैलांवर १ डिसेंबरपासून १ एप्रिलपर्यंत पहाटे तीन ते सात गाडी उभी करायला बंदी असते. त्या काळात बर्फ पडो न पडो. वाहनांसाठी एवढी शिस्त आहे. पायी चालणाऱ्याची वाट मात्र हजारो मालकांच्या सद्भावनेवर सोडलेली आहे.

शिकागोत ब्लॉक क्लब नावाची जुनी प्रथा आहे. विशेषतः दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांनी ती अनेक पिढ्या जोपासली असून तिथे ब्लॉकच्या तोंडाशी शेजाऱ्यांनी मिळून ठरवलेल्या नियमांच्या पाट्या आजही दिसतात. आमच्याकडे तसे काही नव्हते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही घरोघरी चिठ्ठ्या टाकल्या आणि एका शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवून, पहिली बैठक घेतली. बैठक ऑक्टोबरमध्ये घेणे महत्त्वाचे होते असे मला अजूनही वाटते, कारण बर्फ पडल्यावर बोलायला गेले की तेच बोलणे तक्रार होऊन बसते.

बैठकीत पहिली आडकाठी कायद्याची निघाली. दुसऱ्याच्या हद्दीतला बर्फ मी काढला आणि तिथे कोणी घसरून पडले, तर दावा माझ्यावर येईल का? हा प्रश्न अगदी खरा होता आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय कोणी फावड्याला हात लावला नसता. इलिनॉय राज्याचा १९७९ चा बर्फ काढण्याविषयीचा एक छोटासा कायदा आहे. लोकांनी निवासी मालमत्तेसमोरचा पदपथ साफ करावा, यासाठी राज्य त्यांना उत्तेजन देऊ इच्छिते, असे तो सुरुवातीलाच म्हणतो. मालक, रहिवासी किंवा त्यांनी नेमलेला माणूस बर्फ काढायला गेला आणि तरीही कोणाला इजा झाली, तर हेतुपुरस्सर वा बेदरकार वागणे सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर जबाबदारी येत नाही. त्यातला ‘नेमलेला माणूस’ हा भाग आम्हाला कामाला आला. आम्ही प्रत्येक मालकाकडून एका ओळीचे संमतिपत्र घेतले की या यादीतल्या शेजाऱ्यांनी माझ्या घरासमोरचा बर्फ काढावा, असे मी त्यांना सांगितले आहे. आमच्या सोसायटीच्या विमा प्रतिनिधीला ते दाखवले आणि त्याने होकार दिल्यावरच पुढे गेलो. वर्षातला बहुतेक काळ बंद असणाऱ्या एका घराच्या मालकांचा पत्ता शोधायला सर्वांत जास्त वेळ लागला. पण पत्र पोचल्यावर त्यांनी संमती तर दिलीच, शिवाय वाळूचे पैसेही पाठवले. त्या घरासमोरचा पट्टा वर्षानुवर्षे बर्फाखाली राहत असे आणि ब्लॉकवर त्यांच्याविषयी बरेच वाईट बोलले जाई. त्यांना कोणी कधी विचारलेच नव्हते.

दुसरा प्रश्न अंगमेहनतीचा होता. २५ फूट लांब आणि पाच फूट रुंद पट्ट्यावर सहा इंच बर्फ असेल, तर तो भुरभुरीत असताना पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतो; ओला असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या असतात आणि त्यात हे वजन एकदम उचलले की हृदयावर ताण येतो. म्हणूनच दरवर्षी डॉक्टर लोकांना याबाबत बजावत असतात. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सांगलीकडचे एक काका मुलाकडे राहतात. त्यांची बायपास झालेली आहे आणि फावडे हातात घेण्याचा हट्ट त्यांनी सोडलेला नव्हता. मी त्यांना म्हटले, “काका, फावडे राहू द्या. किती पडला आणि तापमान किती, एवढे तुम्ही आम्हाला पहाटे कळवायचे.” काका म्हणाले, “म्हणजे मी खिडकीत बसून मोजायचे? बरे, मग नीट मोजतो.” त्यांनी अंगणात इंचांच्या खुणा केलेली एक काठी रोवली, खिडकीबाहेर थर्मामीटर लावला, आणि पहाटे पाचच्या सुमारास त्यांचा निरोप सगळ्यांच्या फोनवर येऊ लागला. सगळे काम त्या निरोपावर चालते. हवामानखात्याची अधिकृत नोंद विमानतळावरची असते. आमच्या दारात काय पडले आहे, ते काका सांगतात.

पाळ्या लावताना ब्लॉकची विविधता उपयोगी पडली. आमच्याकडे धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबे बरीच आहेत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत ती यंत्र चालवत नाहीत, आणि त्यांच्यातली सर्वांत चांगली, बर्फ उडवून बाजूला टाकणारी स्नोब्लोअरची दोन यंत्रे त्या काळात गॅरेजमध्ये पडून असत. त्यांनी आपण होऊन नाताळची सकाळ आणि सगळे रविवार मागून घेतले. शनिवार आम्ही आणि समोरच्या गुजराती कुटुंबाने घेतले. सिनेगॉगला जाणारी मंडळी शनिवारी गाडी न वापरता चालतच जातात, लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतात, त्यामुळे शनिवारचा पदपथ त्यांना सर्वांत जास्त लागतो आणि तो त्यांना स्वतःला साफ करता येत नाही. या भागात इतकी वर्षे राहूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ती पाळ्यांचा तक्ता समोर मांडल्यावर आली.

आता कोपऱ्याविषयी. बर्फ काढण्याच्या साऱ्या खटाटोपात खरी गोम इथे आहे. पदपथ चौकापाशी येतो, उतारावरून रस्त्यात उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. दृष्टी नसलेल्यांना पायाला कळावे म्हणून उतारावर उठावदार ठिपक्यांची फरशी बसवलेली असते. रहिवाशाने सकाळी सातला हा उतार खरवडून साफ केला, तरी आठला प्लाउची गाडी वळते आणि तिच्या पात्यावरून निसटलेला बर्फ नेमका त्या तोंडाशी बांधासारखा पडतो. हा बर्फ पडल्या जागच्या बर्फासारखा नसतो. त्यात रस्त्यावरचे मीठ, चिखल आणि खडे मिसळलेले असतात, तो दाबला गेलेला असतो, आणि तासाभरात गोठला की त्याच्यावर पाय ठेवूनही तो दबत नाही. धडधाकट माणूस त्याच्यावरून उडी मारून जातो. बाबागाडी ढकलणारी आई तिथे थांबते, काठीवाल्या आजी मागे फिरतात, आणि खुर्चीतल्या माणसाला रस्त्यावरूनच जावे लागते. हा बांध कोणाचा? कोपऱ्यावरच्या घराचा मालक म्हणतो की मी सकाळी काढला होता, हा गाडीने टाकला. गाडीच्या चालकाला रस्ता मोकळा करायचा असतो आणि कुठेतरी बर्फ जाणारच असतो. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

आम्ही कोपरे पाळ्यांच्या तक्त्यातून वेगळे काढले. आमच्या बाजूचे दोन कोपरे म्हणजे प्रत्येकी दोन उतार. त्यांना स्वतंत्र माणसे नेमली आणि त्यांच्याकडे दुसरे काहीच काम ठेवले नाही. प्लाउची गाडी गल्लीतून गेली की अर्ध्या तासाच्या आत, बांध गोठण्यापूर्वी, तो फोडायचा एवढेच त्यांचे काम. शहराच्या संकेतस्थळावर वादळाच्या वेळी प्लाउच्या गाड्या नकाशावर फिरताना दिसतात, त्याचा त्यांना उपयोग होतो. उताराच्या बाजूलाच गटाराची जाळी असते, तीही मोकळी ठेवायची असते. नाहीतर वितळलेले पाणी उताराच्या तळाशी तुंबते आणि रात्री तिथे बर्फाचे पातळ डबके तयार होते, जे अंधारात दिसत नाही. काढलेला बर्फ टाकायचा तो पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्यावर, ज्याला इथे पार्कवे म्हणतात. पण चौकापासून आत, म्हणजे वळणाऱ्या गाडीला चालणारा माणूस दिसेल एवढे अंतर सोडून. कोपऱ्यावर चार फुटांचा ढीग केला तर उतार साफ असूनही लहान मूल त्या ढिगाआडून एकदम रस्त्यात येते. हे आम्हाला एका शाळकरी मुलीच्या आईने दाखवून दिले आणि त्यानंतर ढिगाची जागा आम्ही रंगीत काठ्या रोवून ठरवली.

मिठाबाबत ब्लॉकवर बरेच गैरसमज होते. पदपथ जितका पांढरा दिसेल तितका तो सुरक्षित, असे लोकांना वाटे आणि पोतीच्या पोती ओतली जात. साधे मीठ उणे नऊ अंश सेल्सियसच्या खाली जवळपास निरुपयोगी होते. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड चालते, पण ते महाग असते. नाहीतर वाळू टाकावी लागते, जी बर्फ वितळवत नाही पण पायाला पकड देते. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत तापमान उणे ३१ अंशांपर्यंत उतरले होते. तशा दिवशी साधे मीठ टाकणे म्हणजे खडे टाकणे. बर्फ इतका घट्ट झाला की तो फोडताना पदपथच फुटेल, अशा वेळी शहराचा नियमही वाळू, राख किंवा भुसा टाकायला सांगतो. मुळात मीठ हे फावड्यानंतर उरलेल्या पातळ थरासाठी असते. पदपथाच्या दहा चौकोनांना कॉफीचा एक मोठा मग भरून मीठ पुरते. दाणे एकमेकांपासून सुटे पडले पाहिजेत. जास्तीचे मीठ गटारात जाते. शिकागोच्या बऱ्याचशा भागात पावसाचे पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून शुद्धीकरण केंद्रात जाते, पण क्लोराइड तिथे निघत नाही, ते पुढे नदीत जाते. एक चमचा मीठ पाच गॅलन पाण्यातल्या जीवांना घातक ठरण्याइतके असते. पार्कवेमधली झाडे सुकतात, कुत्र्यांच्या पंजांना चिरा पडतात, इमारतीच्या पायऱ्यांचा पृष्ठभाग सोलून निघतो. आम्ही मीठ एकत्र विकत घेऊ लागलो, दर तीन-चार घरांमागे झाकणाचा एक डबा ठेवला आणि डब्यात मापाचा मग बांधून ठेवला. त्या एका मगाने मिठाचा खर्च किती उतरला, हे हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी सांगितले तेव्हा मीठ कमी करण्याच्या विरोधात असलेली मंडळीही शांत झाली.

बर्फ न पडताही होणारे एक घसरडे ठिकाण शोधून काढायला आम्हाला दुसरा हिवाळा उजाडावा लागला. एका घराच्या छपराचे पाणी पन्हळीच्या नळातून थेट पदपथाच्या कडेला पडत असे. उन्हाने छपरावरचा बर्फ वितळला की पाणी पदपथावर पसरे आणि रात्री गोठे. तिथे रोज मीठ मारले जात होते. नळाला चार फुटांचा जोड लावून तो बागेकडे वळवला आणि तो प्रश्न मिटला.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. दोन बिऱ्हाडांच्या घरांत मालक म्हणतो भाडेकरूने काढावा आणि भाडेकरू म्हणतो हे मालकाचे काम. नियमात दोघांचाही उल्लेख असल्याने दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. भाडेकरू दर एक-दोन वर्षांनी बदलतात, म्हणून प्रत्येक ऑक्टोबरला नव्याने ओळख करून घ्यावी लागते. एक शेजारी आजही फक्त आपल्या हद्दीपुरता, दोरी लावल्यासारखा सरळ पट्टा काढतात आणि तिथे थांबतात. त्यांच्याविषयी काही जण कुरकुरतात. माझे मत वेगळे आहे. ते आपले काम वेळेत आणि चोख करतात, कायद्याने त्यांच्यावर तेवढेच आहे, आणि अधिक काम हे मागून मिळते, टोमण्यांनी मिळत नाही. कंत्राटदाराशी आम्ही नव्याने बोललो. दोन इंचांची अट तशीच राहिली, पण आमच्या हद्दीत थांबण्याऐवजी त्याचे यंत्र कोपऱ्यापर्यंत जाते, आणि त्याचा वाढीव खर्च शेजारच्या चार घरांनी वाटून घेतला आहे. सोसायटीच्या सभेत त्यावर बरीच वादावादी झाली. आपल्या वर्गणीतून दुसऱ्याच्या दारापुढचा बर्फ का काढायचा, हा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदांनी विचारला आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार होता. उत्तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दिले. त्यांच्या आई थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा कोपऱ्यापर्यंत चालत जातात, आणि त्या आमच्या हद्दीच्या पुढेही चालतात.

बर्फ उपसून गाडीची जागा मोकळी केली की तिथे जुन्या खुर्च्या मांडून ती अडवायची, या ‘डिब्स’ नावाच्या प्रथेविषयी शिकागोकर तासन्‌तास बोलू शकतात. नियमात ती बसत नाही, तरी लोक ती पाळतात. आम्ही बैठकीत तो विषय जाणूनबुजून घेतला नाही. त्याला तोंड फुटले असते तर पदपथाचे काम बाजूला राहिले असते. फक्त खुर्च्या पदपथावर ठेवायच्या नाहीत एवढे ठरले.

हे काम मुळात शहरानेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारी ॲक्सेस लिव्हिंग आणि बेटर स्ट्रीट्स शिकागो या संस्थांनी पदपथही प्लाउने साफ करा, अशी मोहीम चालवली, आणि जुलै २०२३ मध्ये नगरपरिषदेने काही भागांत प्रायोगिक योजना आखण्यासाठी कार्यगट नेमण्याचा ठराव केला. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात ठरावीक थराहून अधिक बर्फ पडला की शहरच पदपथांवर छोटे प्लाउ फिरवते आणि मालमत्तेच्या दर्शनी लांबीप्रमाणे त्याचे शुल्क आकारते. ज्या ब्लॉकवर बहुतेक घरे भाड्याची आहेत, जिथे लोक दोन-दोन पाळ्यांत काम करतात, जिथे म्हातारी माणसेच उरली आहेत, तिथे पाळ्यांचा तक्ता लावणार कोण? आमच्याकडे हे जमले, कारण आमच्यापैकी बऱ्याच जणांकडे वेळ होता, यंत्रे होती आणि एकमेकांची तोंडओळख होती. ही आमची गुणवत्ता नव्हे, परिस्थिती आहे.

तरीही शहराने उद्या यंत्रे आणली म्हणून तक्ता बंद करावा, असे मला वाटत नाही. रॉचेस्टरमध्येही त्या थराहून कमी पडलेला बर्फ रहिवाशांकडेच राहतो, आणि दीड इंचाचा दिवस आणि कोपऱ्यावरचा बांध यांना माणूसच लागतो. गेल्या वर्षी पलीकडच्या ब्लॉकवरच्या लोकांनी आमच्याकडून संमतिपत्राचा मसुदा आणि तक्ता मागून नेला. त्यांच्या कोपऱ्यावर एक दुकान आहे, त्याच्या मालकाशी त्यांचे बोलणे अजून चालू आहे. थांब्यापर्यंतच्या वाटेत आता तेवढाच एक तुकडा उरला आहे. तो सुटेपर्यंत त्या कोपऱ्याचे उतारही आमचीच माणसे फोडतात, आणि व्हीलचेअरवाले गृहस्थ सकाळी निघण्यापूर्वी काकांना फोन करून तो तुकडा मोकळा झाला का, ते विचारून घेतात.